यादी कुणाच्या हातात?

(संगणक आणि सेवा उद्योगात काम करणाऱ्या स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या शिबिरात मोबाईल आणि संघटन या विषयावर बोल असं मला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. मी काही या विषयातली तज्ज्ञ नाही. बारा वर्षं मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून त्यांची नोंद करायची. आज जी चूक सांगणार आहे ती माझी स्वतःची आहे, आणि तिची नोंद मी इतकी वर्षं कुठेच केली नव्हती.

२०१९ सालचा जानेवारी. मी तेव्हा हिंजवडीतल्या एका कंपनीत होते. आमची पाळी रात्री साडेदहाला सुटायची आणि कंपनीची गाडी प्रत्येकीला दारापर्यंत सोडायची. ही सोय कुणी कौतुकानं दिलेली नव्हती. २००७ साली पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या एका तरुणीला कंपनीच्या गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं पळवून नेलं, तिच्यावर बलात्कार केला आणि तिला मारून टाकलं. तुमच्यापैकी कित्येकजणी तेव्हा रस्त्यावर उतरल्या असतील. त्यानंतर गाडीत शेवटी उतरणारी बाई एकटी नसावी, सोबत पहारेकरी असावा, असे नियम कंपन्या पाळायला लागल्या. आणि बारा वर्षांनी आम्हाला पत्र आलं की पुढच्या महिन्यापासून गाडी फक्त ठरलेल्या थांब्यापर्यंत येईल. खर्च कमी करायचा होता. थांब्यापासून कुणाचं घर अर्ध्या किलोमीटरवर, कुणाचं दोन. रात्रीचे साडेअकरा-बारा वाजणार.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही अकराजणी बोलायला लागलो. व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला. संक्रांतीचे दिवस, म्हणून गटाचं नाव ठेवलं 'हळदीकुंकू'. या नावावर आम्ही फार खूष होतो, कुणाला संशय यायचा नाही म्हणून. मग मी उत्साहानं एक फॉर्म तयार केला. नाव, विभाग, थांब्यापासून घराचं अंतर, मोबाईल नंबर, आणि शेवटचा प्रश्न, 'निवेदनावर सही करायला तयार आहात का?' फॉर्म बनवला कुठे? ऑफिसच्या संगणकावर, ऑफिसच्या खात्यातून. दिवसभर हात त्याच खात्यावर चालायचा, दुसरं काही सुचलंच नाही. दोन दिवसांत चौसष्टजणींनी तो भरला. मला इतका आनंद झाला होता की रात्री झोप आली नाही.

तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. टेबलावर माझी यादी होती, छापलेली. ज्यांनी 'तयार आहे' म्हटलं होतं त्यांच्या नावावर पिवळी खूण.

कुणालाही काढलं नाही. ते तसं करतच नाहीत. एकीला प्रकल्प बदलून मिळाला, एकीला परदेशी पाठवायचं ठरलं होतं ते रद्द झालं, कुणाला वार्षिक मूल्यमापनाची आठवण करून दिली. आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या बाबतीत त्यांनी नोकरीला लागतानाचा तिचा अर्ज काढला. त्यात 'आणीबाणीत संपर्क' अशी एक ओळ असते. तिथे तिनं सासऱ्यांचा नंबर दिला होता. त्या नंबरावर फोन गेला, मोठ्या आपुलकीनं. सूनबाई युनियनच्या भानगडीत पडताहेत, तुम्ही वडीलधारे आहात, म्हणून कानावर घातलं.

तिनं महिन्याभरात राजीनामा दिला. मला म्हणाली, "नोकरीची भीती नव्हती गं. घरात उभं करून विचारतील याची होती." मला तिनं कधीही दोष दिला नाही. यादी मी केली होती, हे दोघींनाही माहीत होतं.

आता या सगळ्यात कुणी हॅकर नव्हता. कुणी कुलूप तोडलं नाही. संगणक कंपनीचा, खातं कंपनीचं, ते उघडून पाहायचा अधिकार आम्हीच नेमणुकीच्या कागदांवर सही करून दिलेला. मालकाच्या कपाटात मालकाविरुद्धची यादी मी स्वतःच्या हातानं ठेवली, एवढंच घडलं. जुन्या गिरणी कामगारानं असं कधी केलं नसतं. वर्गणीची पावतीपुस्तकं तो खात्याच्या मुकादमाच्या टेबलावर विसरून आला नसता.

इथे थोडं थांबून एक बोलायला हवं, कारण 'खाजगी' या शब्दाशी आपलं, म्हणजे स्त्री-चळवळीचं, जरा वाकडं आहे. घरची गोष्ट घरात, हे वाक्य आपण इतक्या मारहाणीच्या प्रकरणांत ऐकलंय की खाजगीपणाचा हक्क म्हटलं की कान टवकारतात. व्यक्तिगत तेच राजकीय म्हणत आपण दारं उघडायला लावली. ते बरोबरच होतं. पण याच हक्काचा दुसरा वापरही आपल्याच इतिहासात आहे. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं, बायकोला नांदायला जाण्याची सक्ती करता येईल अशी हिंदू विवाह कायद्यातली तरतूद खाजगीपणाच्याच आधारावर घटनाबाह्य ठरवली होती. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा वैध केली, ती गोष्ट वेगळी. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. तर प्रश्न असा विचारायचा की पडदा कुणाच्या बाजूनं आहे. मारणाऱ्याला झाकणारा पडदा आणि चौसष्टजणींची नावं झाकणारा पडदा यांत फरक करता आला पाहिजे. पीडित बाईचं नाव छापायचं नाही, आधारगृहाचा पत्ता सांगायचा नाही, हे आपण वर्षानुवर्षं पाळतोच. मोबाईल हातात आला आणि आपण ते विसरलो.

मोठ्या कंपन्यांतल्या, शिकल्या-सवरलेल्या लोकांचंही हेच झालं आहे. १ नोव्हेंबर २०१८ ला गूगलचे जगभरातले सुमारे वीस हजार कर्मचारी काम सोडून बाहेर पडले. लैंगिक छळाचा आरोप असलेल्या एका बड्या अधिकाऱ्याला नऊ कोटी डॉलर देऊन निरोप दिल्याची बातमी आली होती, हे निमित्त. (त्यानं आरोप नाकारले होते.) पुढाकार घेणाऱ्यांमध्ये बायका होत्या. त्यांतल्या दोघी, क्लेअर स्टेपलटन आणि मेरेडिथ व्हिटेकर, २०१९ मध्ये कंपनीतून बाहेर पडल्या. आमच्यावर सूड उगवला जातोय, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपनीनं ते नाकारलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या कामगारांच्या लक्षात आलं की त्यांच्या संगणकात एक नवं साधन येतंय: कुणी शंभरपेक्षा जास्त लोकांची बैठक ठरवली की ते खूण करणार. कामगार म्हणाले ही आमच्यावर पाळत आहे. कंपनी म्हणाली, नको त्या आमंत्रणांचा त्रास कमी व्हावा म्हणून आहे. खरं कोण, ते बाजूला ठेवा. बैठकीचं आमंत्रण मालकाच्या वहीत लिहिलं की हा वाद सुरू होतोच. त्यांनी पुढे धडा घेतला. जानेवारी २०२१ मध्ये त्यांची युनियन जाहीर झाली, त्याआधी जवळजवळ वर्षभर तिचं काम गुपचूप चाललं होतं. आणि व्हिटेकर २०२२ पासून सिग्नल या अ‍ॅपच्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या, ज्या अ‍ॅपविषयी मी आता बोलणार आहे. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, का ते सांगता येत नाही.

तर, कामाचं बोलू.

कंपनीनं दिलेल्या लॅपटॉपवर तुम्ही जे काही कराल ते कंपनीला दिसतं असंच धरून चाला. खाजगी ईमेल उघडली तरी. त्या लॅपटॉपमध्ये कंपनीनं आपलं स्वतःचं प्रमाणपत्र बसवलेलं असतं, त्यामुळे पत्त्यापुढे कुलपाचं चिन्ह दिसत असलं तरी मधे बसून मजकूर वाचणं त्यांना शक्य असतं. स्क्रीनची छायाचित्रं ठरावीक वेळानं घेणारे प्रोग्रामही असतात, घरून काम सुरू झाल्यापासून तर फारच. टीम्स, स्लॅक यांवरचं बोलणं, अगदी दोघींमधलं खाजगी म्हणून केलेलं, कंपनीला काढून घेता येतं. आपण ते पुसलं तरी त्यांच्याकडे राहू शकतं. ऑफिसच्या वायफायवर आपला स्वतःचा फोन जोडला, तर आत काय लिहिलंय हे कळलं नाही तरी कुठल्या कुठल्या ठिकाणी गेलात ते कळतं. छपाईयंत्रसुद्धा कुणी काय छापलं याची नोंद ठेवतं. पत्रकं बाहेर छापा.

आपल्या स्वतःच्या फोनमध्ये ऑफिसची ईमेल घेतली असेल तर काय? बऱ्याच फोनांत ऑफिसचा कप्पा वेगळा होतो आणि त्या अ‍ॅपवर लहानशी ब्रीफकेस दिसते. या कप्प्याबाहेरचं सहसा कंपनीला दिसत नाही. पण काही कंपन्या पूर्ण फोनचाच ताबा मागतात. फोन पुसून टाकण्याचीही परवानगी त्यात असते. हो म्हणण्याआधी ते पडद्यावरचं वाचा, नुसतं पुढे-पुढे दाबत जाऊ नका. जमलं तर दोन-तीन हजारांचा जुना फोन संघटनेच्या कामासाठी वेगळा ठेवा. नाही जमलं तर निदान ऑफिसची ईमेल त्यात घेऊ नका.

आता आपलं लाडकं व्हॉट्सअ‍ॅप. त्यावरचा मजकूर २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो, मधल्या मधे वाचता येत नाही, हे खरं आहे. त्यामुळे आपल्याला वाटतं की झालं. पण गटातल्या प्रत्येकीला प्रत्येकीचा नंबर दिसतो. एकीनं पडद्याचं छायाचित्र काढून पुढे पाठवलं की कुलूप काय करणार? ती दुष्टच असते असं नाही. घाबरलेली असते, कधी तिला केबिनमध्ये बसवून समोर फोन उघडायला लावलेला असतो. आमच्या 'हळदीकुंकू' गटातलं बोलणंही बाहेर गेलं होतं, ते कसं ते नंतर समजलं. आमच्यातली एक ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून ठेवायची, टाइप करायला सोपं जातं म्हणून. चहाला उठली की समोर सगळं उघडं. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' म्हणून जागा आहे. तिथे ऑफिसचा संगणक दिसला तर आत्ता काढून टाका. मी बोलतेय तोवर केलंत तरी चालेल, मला राग येणार नाही.

सिग्नलमध्ये २०२४ पासून नंबर न दाखवता नुसतं ठरवलेलं नाव घेऊन बोलता येतं, आणि कुणाशी कधी बोललात याची नोंद ती संस्था जवळजवळ ठेवतच नाही. संदेश आपोआप पुसले जाण्याची मुदत ठरवता येते. ती व्हॉट्सअ‍ॅपमध्येही आहे, आपण वापरत नाही एवढंच. व्हॉट्सअ‍ॅपच्या साठवणीची प्रत गूगलकडे जाते, तिलाही वेगळं कुलूप लावावं लागतं, ती सोय २०२१ मध्ये आली. आणि कुलूप लावलेल्या फोनच्या पडद्यावर आलेल्या संदेशाची पहिली ओळ झळकते, ती बंद करा. मला विचाराल तर निम्मी फुटाफूट त्या पहिल्या ओळीनं होते.

पण अ‍ॅप बदलून प्रश्न सुटतो असं मी अजिबात म्हणत नाही. शंभरजणींचा गट कुठेही केला तरी तो जाहीर सभेसारखाच. त्यात गाडीच्या वेळा, सभेची तारीख एवढंच बोलायचं. कोण डगमगतेय, कोण सही करणार, निवेदन कधी द्यायचं, हे पाच-सहाजणींनी समोरासमोर बसून. तेव्हा फोन बाहेरच्या खोलीत. पूर्ण यादी एका ठिकाणी नकोच. प्रत्येकीनं आपल्या विभागातली सात-आठ नावं सांभाळावीत, शक्यतो डोक्यात, नाहीतर घरच्या वहीत.

२०१९ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपनं आपल्याकडच्या काही वकिलांना आणि कार्यकर्त्यांना कळवलं होतं की तुमच्या फोनवर पेगॅसस या हेरगिरीच्या प्रोग्रामचा हल्ला झाला. त्या बातमीनं आपण सगळ्याच घाबरलो. ती भीती खोटी नाही. पण माझा अनुभव असा की आपल्यातल्या बहुतेकींना पेगॅससपेक्षा पाठीमागच्या खुर्चीतल्या माणसाचा धोका जास्त आहे. आणि घरातल्या माणसाचा.

घराचं मी मुद्दाम विचारते. शिबिरातून जिथे जिथे बोलले तिथे हात वर करायला सांगितले: तुमचं सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे? वडिलांच्या, नवऱ्याच्या, भावाच्या. हरवलं म्हणून दुसरं सिम काढायचा अधिकार ज्याच्या नावावर आहे त्याचा. दुसरं सिम निघालं की तुमचे सगळे ओटीपी त्याच्या हातात. फोनचा पिन कुणाकुणाला माहीत आहे? मुलाला खेळायला देतो म्हणून त्याला, आणि त्याच्याकडून सगळ्या घराला. संघटनांच्या माहितीपत्रकांत हा भाग नसतो, कारण ती लिहिणाऱ्या पुरुषांच्या फोनला घरात कुणी हात लावत नाही. आणि नोकरीच्या अर्जातला तो 'आणीबाणीत संपर्क' उद्या जाऊन बदला. मैत्रिणीचं नाव द्या, बहिणीचं द्या. नातं काय असावं असा नियम मी तरी कुठे पाहिलेला नाही.

पुरावा कसा जपायचा हेही बोलायला हवं. कामावरून काढतात तेव्हा आपलं खातं काही मिनिटांत बंद होतं. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, मूल्यमापनं, आपण केलेल्या तक्रारी, सगळं आतच राहतं. म्हणून ते आधीपासून, शांतपणे, आपल्याजवळ असू द्या. पण घाईघाईत ऑफिसची कागदपत्रं स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. ग्राहकाचं एक पान जरी त्यात गेलं तरी 'माहिती चोरली' म्हणून काढायला त्यांना आयतं कारण मिळतं. लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्यानं ती गोपनीय ठेवायलाच हवी. तरी ती ऑफिसच्या ईमेलवरून पाठवाल तर संगणक विभागातल्या किती नजरेखालून जाईल सांगता येत नाही. लेखी द्या, समितीच्या हातात, पोचेची सही घेऊन.

कायद्यावर फार वेळ घालवत नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्या आहेत. पण त्यात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती तिच्या संमतीशिवाय वापरायला वाट ठेवली आहे. ती वाट रुंद आहे. त्याच्यावर विसंबू नका. युनियनचं म्हणाल, तर संगणक उद्योगात युनियन चालत नाही हा निव्वळ गैरसमज आहे. शेजारच्या कर्नाटकात २०१७ पासून आयटी कर्मचाऱ्यांची नोंदणी झालेली युनियन आहे. १९२६ चा कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली, तरी सातजणी मिळून नोंदणीचा अर्ज करता येतो, ते कायम आहे. मात्र अर्ज करणाऱ्यांची नावं-पत्ते त्या कागदावर लिहावे लागतात. म्हणजे तिथे पडदा संपतो. त्या सातजणी कोण, हे ठरवायला वेळ घ्या. जिच्या घरी आजारी माणूस आणि कर्जाचा हप्ता आहे तिला पहिल्या सातांत ढकलू नका, ती हौसेनं पुढे आली तरी.

आणि पडदा कधीतरी संपायलाच हवा. सगळंच लपवत बसलो तर संघटना कसली? १८८५ साली रखमाबाईंनी बालविवाहाविरुद्ध टाइम्स ऑफ इंडियाला पत्रं लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' अशा टोपणनावानं. तेव्हा त्यांचा खटला चालू होता. पण १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयानं नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावानिशी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. कधी टोपणनाव आणि कधी उघड नाव, हे त्यांनी स्वतः ठरवलं. आमच्या यादीचं ठरवलं दुसऱ्यानं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्बन कंपनीच्या अ‍ॅपवरून घरोघरी जाऊन काम करणाऱ्या ब्यूटीशियन बायका गुरुग्रामला कंपनीच्या ऑफिसबाहेर बसल्या. शंभराच्या आसपास. त्यांना एकत्र भेटायला ना गेट, ना कँटीन. प्रत्येक जण वेगळ्या घरात, एकटी. आयडी बंद केला की काम बंद. ज्या फोननं त्यांच्यावर लक्ष ठेवलं जायचं त्याच फोनवर त्यांना एकमेकींना शोधावं लागलं. डिसेंबरमध्ये त्या पुन्हा बसल्या तेव्हा कंपनी कोर्टात गेली आणि दाव्यात चारजणींची नावं घातली. नावं बाहेर आल्यावर किंमत मोजावी लागते, हे त्यांना माहीत होतं आणि तरी त्या तिथे बसल्या. आपल्या अंगणवाडीच्या ताईंनी त्याच वर्षी राज्यभर सरकारी मोबाईल परत केले, अ‍ॅप इंग्रजीत आणि फोन बिघडलेले म्हणून, तेही उघडपणे, हजारोंच्या संख्येनं. हजारोजणी असल्या की यादी लपवायची गरज उरत नाही. अकरा असताना असते.

आमच्या गाडीचं काय झालं, असं मघाशी एकीनं चिठ्ठी पाठवून विचारलंय. सहा महिन्यांनी निवेदन दिलं. तेव्हा कागदावर, कंपनीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून, सगळ्या सह्या एकाच दुपारी. चाळीसजणींनी केल्या, चौसष्ट नाही. थांब्यांची संख्या वाढली, साडेदहानंतरची गाडी पुन्हा दारापर्यंत यायला लागली. माझी शेजारीण तोपर्यंत तिथे नव्हती. ती आता शिकवण्या घेते. या शिबिरात ये म्हणून मी तिला फोन केला होता. म्हणाली, नाव न घेता सांगणार असशील तर सांग.

तिला विचारूनच सांगितलं आहे.

आता चहा आहे. चहानंतर ज्यांना सिम स्वतःच्या नावावर करून घ्यायचंय त्यांनी या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसा, आपण अर्ज पाहू. आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस' मध्ये ज्यांना अनोळखी काही दिसलं असेल त्यांनी घाबरून लगेच पुसू नका, आधी मला दाखवा.